आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी लॅपटॉप निवडताना

आर्किटेक्चरला प्रवेश निश्चित झाला की घरोघरी लॅपटॉपची चर्चा सुरू होते. कोणत्या कंपनीचा घ्यायचा, किती रुपयांपर्यंत जायचे, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानातून घ्यायचा की ऑनलाइन मागवायचा, हे प्रश्न आधी येतात, आणि पाच वर्षांत त्या यंत्रावर नेमके कोणते काम होणार आहे हा प्रश्न मात्र शेवटपर्यंत कोणी विचारत नाही. वास्तविक निवडीचा सगळा हिशेब याच प्रश्नावर उभा आहे. माझे मत असे की पहिल्या वर्षी घाई करू नये, आणि घ्यायची वेळ येईल तेव्हा पैसा ग्राफिक्स कार्डची मेमरी, पुढे वाढवता येणारी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था या तीन गोष्टींवर लावावा. बाकीच्या गोष्टी दुय्यम आहेत.

घाई का करू नये, तर बहुतेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे काम ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर, पेन्सिल आणि माउंट बोर्डची मॉडेल्स यांच्यातच जाते. हाताने रेषा काढण्याची सवय लागावी म्हणून ते मुद्दाम तसे ठेवलेले असते. अहवाल टंकलिखित करणे, संदर्भ शोधणे किंवा स्केचअप या त्रिमितीय मॉडेलच्या सॉफ्टवेअरची तोंडओळख करून घेणे यासाठी घरातला जुना संगणकही चालतो. प्रवेशाच्या धांदलीत, जून ते ऑगस्टच्या दरम्यान, महागडा लॅपटॉप घेतला तर त्याच्या वॉरंटीचे पहिले वर्ष जवळजवळ वापराविना निघून जाते आणि जेव्हा खरा भार पडू लागतो तेव्हा ती संपत आलेली असते. महाविद्यालयाने पहिल्याच सत्रापासून संगणक आवश्यक केला असेल तर अर्थातच इलाज नाही. पण त्याबाबत दुकानदाराला न विचारता त्याच महाविद्यालयातील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे, आणि त्यांच्याकडून कोणत्या सत्राला कोणते सॉफ्टवेअर लागते याची यादीही त्याच वेळी लिहून घ्यावी.

त्या यादीतील सॉफ्टवेअर यंत्रावर एकाच प्रकारचा भार टाकत नाहीत, हे समजून घेतले की निवड बरीच सोपी होते. ऑटोकॅड, स्केचअप आणि रेव्हिट या आराखडे व मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत सरकवली, छत उचलले किंवा खिडकी बदलली की एका क्रियेच्या उत्तरावर पुढची क्रिया अवलंबून असते. त्यामुळे हे काम प्रोसेसरच्या अनेक कोअरमध्ये, म्हणजे हिशेब करणाऱ्या स्वतंत्र भागांमध्ये, वाटून देता येत नाही आणि एका कोअरचा वेग किती आहे यावरच मॉडेल हाताखाली मोकळे फिरते की अडखळते हे ठरते. जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेल्या कोअरच्या संख्येचा इथे फारसा उपयोग नाही. रेंडरिंगचे, म्हणजे मॉडेलवरून फोटोसारखे चित्र तयार करण्याचे, गणित निराळे आहे. लुमियन, एन्स्केप, ट्विनमोशन आणि डी५ रेंडर ही सॉफ्टवेअर जवळजवळ पूर्णपणे ग्राफिक्स कार्डवर चालतात; व्ही-रे प्रोसेसरवरही चालते आणि ग्राफिक्स कार्डवरही; कोरोना मात्र प्रोसेसरवरच चालते आणि तिथे प्रत्येक जादा कोअर कामी येतो. महाविद्यालयात स्केचअपबरोबर एन्स्केप किंवा लुमियन वापरण्याची रीत असेल तर पैसा प्रोसेसरवर ओतण्यापेक्षा ग्राफिक्स कार्डकडे वळवणे शहाणपणाचे, आणि सीनियर मंडळी थ्रीडीएस मॅक्स व कोरोनावर काम करत असतील तर उलट.

तिसरा भार शीटचा असतो, आणि तो सहसा कोणी लक्षात घेत नाही. ज्युरीसाठी, म्हणजे परीक्षकांपुढच्या सादरीकरणासाठी, ए१ आकाराची शीट फोटोशॉपमध्ये ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) तयार केली तर ती सुमारे ९,९०० गुणिले ७,००० पिक्सेलची होते, म्हणजे जवळपास सात कोटी पिक्सेल. त्यातला एक पूर्ण भरलेला थर मेमरीत सुमारे २०० एमबी जागा घेतो. झाडे, आकाश, माणसे, सावल्या आणि पोत असे दहाबारा थर झाले, मागे रेव्हिट उघडे असले आणि ब्राउझरमध्ये वीसएक टॅब असले की १६ जीबी रॅम कशी पुरत नाही ते सबमिशनच्या आदल्या रात्री कळते.

ग्राफिक्स कार्डबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण फसगत सर्वांत जास्त इथेच होते. ग्राफिक्स कार्डला स्वतःची वेगळी मेमरी असते, तिला व्हीरॅम म्हणतात. रेंडर करताना संपूर्ण दृश्य, म्हणजे भूमिती, पोत आणि प्रकाशाचा हिशेब, या मेमरीत मावावे लागते. संगणकावर चार-पाच एमबीची दिसणारी ४के पोताची प्रतिमा मेमरीत उलगडली की ६४ एमबीची होते, आणि एका मटेरिअलला रंग, खडबडीतपणा व चमक यांच्या तीन प्रतिमा लागल्या तर एकट्या दगडी फरशीनेच २०० एमबीच्या आसपास जागा घेतली असे समजावे. सॉफ्टवेअर यातील काही प्रतिमा दाबून लहान करतात, तरी हिशेबाची दिशा हीच राहते.

समजा, तिसऱ्या वर्षाला रंकाळ्याच्या काठावर सार्वजनिक जागेचा प्रकल्प आला. इमारत लहानच असेल. परंतु पाणी, घाटाच्या पायऱ्या, दीडदोनशे झाडे, गवत, बसलेली-फिरणारी माणसे आणि पलीकडच्या काठाची घरे दृश्यात आली की ४ जीबी मेमरीचे कार्ड गुडघे टेकते. काही सॉफ्टवेअर अशा वेळी मुख्य रॅम उसनी घेतात आणि काम गोगलगाईच्या गतीने चालते. काही सरळ त्रुटीचा संदेश देऊन बंद पडतात. याउलट दगडी कमानी, छज्जे आणि अष्टकोनी मनोरा असलेल्या, मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८८४ मध्ये पूर्ण झालेल्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेससारख्या इमारतीचे मॉडेल कोणी बारकाव्यांसह करायला घेतले, तर तिथे मेमरीबरोबर स्केचअपमधील एका कोअरच्या वेगाचीही परीक्षा होते, कारण कोरीव कामाचे लाखो पृष्ठभाग रेंडरच्या आधीच मॉडेल जड करून टाकतात.

लॅपटॉपमधील एनव्हिडियाच्या कार्डांत आरटीएक्स २०५० ला ४ जीबी, ३०५० ला ४ किंवा ६ जीबी, ४०५० ला ६ जीबी आणि ४०६० ला ८ जीबी व्हीरॅम असते. नव्या पिढीतील ५०५० आणि ५०६० यांनाही ८ जीबीच आहे. गंमत अशी की लॅपटॉपमधील ४०७० आणि ५०७० यांनासुद्धा ८ जीबीच मिळते. ती कार्डे वेगवान आहेत हे खरे, पण जे दृश्य ४०६० मध्ये मावले नाही ते ४०७० मध्येही मावणार नाही. म्हणून ४०६०, ५०५० किंवा ५०६० यांपैकी जे बजेटमध्ये बसेल ते घ्यावे, आणि त्यावर उरलेला पैसा ४०७० च्या पाटीसाठी न घालवता रॅमवर घालावा, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. लँडस्केप किंवा शहरी आराखड्याच्या थीसिसची ज्यांना खरोखर ओढ आहे, त्यांनी १२ जीबीच्या ५०७० टीआयचा विचार करायला हरकत नाही. मात्र तिथे किंमत आणि वजन दोन्ही वाढतात.

दुसरी मेख वॅटची. एकाच नावाचे कार्ड निरनिराळ्या लॅपटॉपमध्ये निरनिराळ्या वीजमर्यादेवर चालवलेले असते. आरटीएक्स ४०६० साठी एनव्हिडियाने ठेवलेली मर्यादा ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत आहे. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये हे कार्ड खालच्या टोकाला चालते, जाड गेमिंग लॅपटॉपमध्ये वरच्या टोकाला, आणि दोन्हींच्या खोक्यावर नाव तेच छापलेले असते. दुकानात यंत्र चालू करून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधील सिस्टिम इन्फर्मेशन उघडले की मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर या ओळीसमोर ही मर्यादा दिसते. ती न पाहता ४०६० घेणे म्हणजे सीसी न विचारता मोटारसायकल घेण्यासारखे आहे.

रॅम किमान १६ जीबी असावी आणि ती ३२ जीबीपर्यंत वाढवता यायला हवी. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डकवलेली असते. ती नंतर बदलता येत नाही, त्यामुळे असा लॅपटॉप घ्यायचाच असेल तर पहिल्या दिवसापासून ३२ जीबीचा घ्यावा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि तिथे मेमरी या भागात गेले की दोनपैकी किती स्लॉट वापरात आहेत ते दिसते. एकच स्लॉट भरलेला असेल तर त्याच क्षमतेची दुसरी पट्टी बसवावी. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींकडून एकाच वेळी माहिती उचलतो आणि वेगातही फरक पडतो. साठवणुकीसाठी ५१२ जीबीची एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी दुसऱ्या वर्षापर्यंत पुरते, लुमियनसारख्या सॉफ्टवेअरच्या झाडे-माणसांच्या संग्रहांपुढे पुरत नाही. १ टीबी घ्यावी किंवा एसएसडीसाठी दुसरा रिकामा स्लॉट आहे याची खात्री करून घ्यावी.

प्रोसेसरच्या बाबतीत नावापेक्षा शेवटची अक्षरे वाचावीत. इंटेलमध्ये एच किंवा एचएक्स आणि एएमडीमध्ये एचएस किंवा एचएक्स असलेले प्रोसेसर आपल्या कामाचे. यू अक्षराचे प्रोसेसर बॅटरी वाचवण्यासाठी बनवलेले असतात. आय७ आहे म्हणून तो चांगलाच असेल असे नाही, जुन्या पिढीच्या आय७ पेक्षा नव्या पिढीचा आय५ एका कोअरमध्ये पुढे असू शकतो. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये रायझन ७ ७४३५एचएस हा प्रोसेसर बऱ्याचदा दिसतो. त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे साधे टंकलेखन करतानाही मोठे कार्ड जागे राहते आणि बॅटरी लवकर उतरते. वर्गात दिवसभर प्लगजवळ बसायला मिळणार असेल तर ते चालून जाईल. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बॅटरीच्या दृष्टीने उत्तम असले तरी आपल्या क्षेत्रातील अनेक सॉफ्टवेअर त्यांच्यासाठी बनलेली नाहीत, ते टाळावेत.

मॅकबुकचा प्रश्न हमखास येतो. स्केचअप, ऑटोकॅड, ऱ्हायनो, आर्किकॅड, ट्विनमोशन, ब्लेंडर आणि अडोबीची फोटोशॉपसारखी सॉफ्टवेअर मॅकवर चालतात. रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स आणि लुमियन चालत नाहीत. नव्या मॅकमध्ये आभासी पद्धतीने विंडोज बसवून रेव्हिट उघडणारे लोक आहेत, पण ऑटोडेस्क त्याची जबाबदारी घेत नाही आणि सबमिशनच्या आठवड्यात असे जुगाड अंगाशी येतात. इंटर्नशिप आणि पुढची नोकरी जिथे होणार त्या कार्यालयांतही बहुतेक ठिकाणी विंडोजच असते. मॅकचा पडदा आणि बॅटरी यांना तोड नाही हे मान्य करूनही, रेव्हिट शिकायचे असेल तर विद्यार्थ्याने विंडोज घ्यावे असेच मी म्हणेन.

पडद्याबाबत एकच गोष्ट काटेकोरपणे पाहावी, ती म्हणजे रंगांची व्याप्ती. माहितीपत्रकात ४५ टक्के एनटीएससी (रंगव्याप्तीचे एक जुने माप) असे लिहिले असेल तर तो पडदा एसआरजीबी या संगणकावरच्या प्रमाणित रंगसंचाचे साठ-पासष्ट टक्के रंगच दाखवतो. अशा पडद्यावर बसाल्टचा काळसर दगड आणि ओल्या मातीचा रंग नीट जमला असे वाटते, आणि प्लॉटरवरून शीट बाहेर आली की सगळे भलतेच दिसते. १०० टक्के एसआरजीबीचा पडदा घ्यावा; १६ इंची आणि १६:१० प्रमाणाचा असल्यास खालच्या टूलबारला जागा मिळते. १४४ किंवा १६५ हर्ट्झ हा आकडा खेळणाऱ्यांसाठी असतो, प्लॅन काढणाऱ्याला त्याचे काही देणेघेणे नाही.

आता आपल्याकडच्या हवेचा आणि वापराचा विचार. या वर्गातला लॅपटॉप सव्वादोन ते अडीच किलोचा असतो आणि २३० वॅटचा ॲडॉप्टर धरून पाठीवरचे ओझे तीन किलोच्या पुढे जाते. कॉलेजला दुचाकीने जाणाऱ्याच्या पाठीवर हे ओझे, हातात शीटचा ट्यूब आणि वरून जुलै-ऑगस्टची झड, असा कोल्हापुरातला प्रसंग दरवर्षीचा आहे. त्यामुळे सॅकबरोबर मिळणाऱ्या पातळ कव्हरवर विसंबू नये. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची किंवा रबरी कापडाची वेगळी पिशवी ठेवावी आणि पावसातून आल्यावर यंत्र लगेच चालू न करता अर्धा तास कोरडे होऊ द्यावे. पावसाळ्यात वीज जाते-येते तेव्हा लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्यामुळे काम वाचते, परंतु वीज परत येताना येणारा झटका ॲडॉप्टरला बसतो. अर्थिंग चांगले असलेला सॉकेट आणि बऱ्या प्रतीचा सर्ज प्रोटेक्टर हा खर्च टाळू नये. बॅटरीवर चालताना हे लॅपटॉप ग्राफिक्स कार्डचा वेग मुद्दाम खाली आणतात, तेव्हा ज्युरीत वॉकथ्रू (इमारतीतून फिरवून आणणारे दृश्य) दाखवायचा असेल तर ॲडॉप्टर सोबत न्यावाच लागतो.

गादीवर लॅपटॉप ठेवून रात्रभर रेंडर लावण्याची सवय मात्र कायमची मोडायला हवी. हवा खालून आत येते. तिची वाट बंद झाली की तापमान वाढते, यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि दोन तासांचे रेंडर चार तासांवर जाते. सपाट टेबल आणि मागची बाजू दोन बोटे उचलणारा साधा स्टँड पुरेसा आहे. माउंट बोर्ड आणि बाल्सा लाकूड कापताना उडणारा भुगा पंख्यांत जाऊन बसतो, म्हणून मॉडेल बनवण्याचे टेबल आणि लॅपटॉपचे टेबल वेगळे असावे आणि वर्षातून एकदा पंखे साफ करून घ्यावेत.

खरेदीला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनही चालते. त्याची ती आवृत्ती आणि त्याच्या संकेतस्थळावरील एखादे नमुना दृश्य पेन ड्राइव्हवर घेऊन जावे, दुकानदाराला विनंती करून प्रदर्शनात ठेवलेल्या यंत्रावर तेच दृश्य लागोपाठ चार-पाच वेळा रेंडर करावे. पहिली वेळ हिशेबात धरू नये. दुसऱ्या आणि पाचव्या वेळेत बराच फरक पडला तर ते यंत्र तापून दमते आहे असे समजावे. दोन लॅपटॉपांची तुलना करण्यास याहून प्रामाणिक मोजमाप नाही. एखादा दुकानदार नकार देतो, पण शाहूपुरी-राजारामपुरीत दुकानांची वानवा नाही. ऑनलाइन किंमत थोडी कमी दिसत असली तरी हा प्रयोग तिथे करता येत नाही, हेही तुलनेत धरावे.

भाव करताना बॅग, माउस, कीबोर्डचे कव्हर आणि अँटिव्हायरस या भेटवस्तूंना भुलू नये. त्यांच्या बदल्यात रॅमची दुसरी पट्टी कमी दरात मागावी, आणि ती बसवल्याने कंपनीची वॉरंटी कायम राहते हे बिलावर लिहून घ्यावे. त्या कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र कोल्हापुरात आहे की यंत्र पुण्याला पाठवावे लागते, हा प्रश्न किमतीआधी विचारावा, कारण मदरबोर्ड बिघडला आणि लॅपटॉप तीन आठवडे बाहेरगावी गेला तर सत्र हातचे जाते. घरी येऊन दुरुस्ती करणारी तीन वर्षांची वॉरंटी आणि सांडणे-पडणे यांसाठीचे संरक्षण यांवर खर्च करणे, वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी तर विशेषच, मला योग्य वाटते.

सॉफ्टवेअरसाठी वेगळा पैसा सहसा लागत नाही. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड, रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स एक वर्षासाठी मोफत देते आणि पात्रता असेपर्यंत दरवर्षी नूतनीकरण करता येते. मात्र त्यावर पैसे घेऊन बाहेरची कामे करण्यास परवानगी नाही. क्रॅक केलेल्या आवृत्त्यांबरोबर येणारे व्हायरस थीसिसच्या फायलींसकट सगळे घेऊन जातात, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. फायलींची एक प्रत बाहेरच्या एसएसडीवर आणि एक क्लाउडवर ठेवण्याची सवय पहिल्याच आठवड्यात लावावी.

बजेट तोकडे असेल तर कात्री कुठे लावायची तेही ठरलेले असावे. प्रथम पडद्याचे रेझोल्यूशन आणि बाह्य रूप यांवर तडजोड करावी, मग एसएसडीच्या क्षमतेवर, मग प्रोसेसरच्या एका पायरीवर. ग्राफिक्स कार्ड ६ जीबीच्या खाली आणू नये आणि रॅम डकवलेली घेऊ नये. जे विद्यार्थी कोल्हापुरातच घरी राहून शिकणार आहेत त्यांना आणखी एक वाट आहे, जी दुकानदार स्वतःहून सुचवत नाहीत: घरी डेस्कटॉप आणि वर्गासाठी एखादा हलका, जुना लॅपटॉप. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉपला अधिक व्हीरॅमचे, पूर्ण ताकदीचे ग्राफिक्स कार्ड येते, तो तापत नाही आणि चार वर्षांनी एकेक भाग बदलता येतो. परगावी जाऊन वसतिगृहात राहणाऱ्यांना हे जमणार नाही, स्टुडिओत बसूनच सगळे काम करावे लागते तिथेही जमणार नाही. पण ज्यांना जमते त्यांनी आधी याचा विचार करावा.

यंत्र घरी आल्यावर खोके उघडताना व्हिडिओ काढावा, खोक्यावरचा आणि यंत्राखालचा अनुक्रमांक बिलाशी ताडून पाहावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी खरेदीच्या तारखेपासूनच सुरू झाली आहे ना ते तपासावे. पांढऱ्या, काळ्या आणि लाल पडद्यावर मेलेले पिक्सेल शोधावेत, एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर (डिझाइनच्या कामासाठीचा) घालावा आणि बदलून देण्याची मुदत संपण्याआधी एखादे जड दृश्य सलग दोन तास रेंडरला लावून यंत्र बंद पडत नाही, पंख्यांचा आवाज बदलत नाही आणि की-बोर्डला हात लावता येतो आहे याची खात्री करून घ्यावी.